टाकी बंद करण्याआधी

एक टेबल डोळ्यांपुढे आणा. त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची एक लांबट पोकळी आडवी ठेवली आहे. पुढची कड गोलसर वळलेली, मागची बाजू पूर्ण उघडी. आत थोड्याथोड्या अंतरावर उभ्या बरगड्या. ही एका छोट्या विमानाच्या पंखाची पुढची बाजू आहे आणि तीच त्याची इंधनाची टाकीही आहे. पंखात वेगळी टाकी बसवायचीच नसते. एकाच पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला वारा लागणार आणि आतल्या अंगाला पेट्रोल.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात अरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे. तिच्या आरव्ही जातीच्या बहुतेक विमानांत अशी टाकी असते. कंपनी पत्रे कापून, वळवून, भोकं पाडून खोक्यांत भरून पाठवते आणि घेणारा आपल्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ते जोडत बसतो. अशी ११,००० हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. आरव्ही-७ च्या एका पंखात २१ गॅलन, म्हणजे सुमारे ८० लिटर इंधन मावतं. आपल्याकडेही हा ध्यास अगदी अनोळखी नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते जवळून पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली.

आज आपण त्या टेबलावरच्या उघड्या बाजूसमोर थोडा वेळ बसू. ती एकदा बंद झाली, की आत पुन्हा कुणाची नजर जाणार नाही.

आत पाहा. प्रत्येक बरगडीच्या कडेने भोकांची रांग आहे. एक रांग संपली की दुसरी. सगळी मिळून शेकडो. जिच्यातून थेंबही गळायला नको, तिला आधी शेकडो भोकं पाडायची आणि मग एकेक बुजवायचं, असं हे काम आहे. रिवेट ठोकला की तो भोकात फुगतो आणि भोक भरून काढतो. पण धातूला धातू कितीही घट्ट टेकला, तरी मधे पेट्रोलला वाट सापडतेच. ती फट दिसत नाही, बोटाला लागत नाही. नजर एका भोकावर ठेवा. मग शेजारच्या. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत मन पुढे पळू लागेल, कारण सगळी सारखीच दिसतात. त्याला परत आणा. गळायला एकच पुरतं आणि ते कोणतं असेल हे आधी कळत नाही.

सीलंट लावण्याआधी पत्रा साफ करायचा असतो. कल्हईवाला भांडं आधी आतून घासून लख्ख करतो, नवसागर फिरवतो, कारण जिथे मळ राहिला तिथे कथील धरत नाही. इथेही नियम तोच. जिथे सीलंट लागणार तो पट्टा खरखरीत जाळीने घासायचा, चमक जाऊन मंद राखाडी रंग येईपर्यंत. मग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचं आणि ओल असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. सॉल्व्हंट आपोआप उडून जाऊ दिलं, तर त्यात सुटलेला मळ जागच्या जागी पुन्हा बसतो. फडक्याकडे पाहा. काळं आलं? नवं घ्या. पुन्हा पुसा. फडकं जसं गेलं तसं परत येईपर्यंत.

खात्रीसाठी एक जुनी परीक्षा आहे. पत्र्यावर स्वच्छ पाणी सोडायचं आणि बघत राहायचं. पाणी सलग थरात पसरून अर्धा मिनिट तसंच राहिलं, तर पत्रा स्वच्छ. कुठे ते फाटलं, आक्रसलं, थेंबाथेंबांनी गोळा झालं, तर तिथे स्निग्धपणा शिल्लक आहे. अर्धा मिनिट हा वेळ फार मोठा नाही. पण काहीही न करता एका पत्र्याकडे अर्धा मिनिट पाहून बघा. आता तुमच्या तर्जनीच्या टोकाकडे पाहा. तिथे कोरडी, स्वच्छ त्वचा दिसते आहे. तिच्यावर जेवढं तेल आहे तेवढं त्या पत्र्याला नडतं. म्हणून पाणी वाळवल्यावर पुढचं सगळं हातमोज्यांत.

सीलंट दोन डब्यांत येतं. एकात पांढरट, घट्ट मूळ पदार्थ आणि दुसऱ्यात काळा. वजनाने दहाला एक या प्रमाणात ते मिसळायचे. अंदाज चालत नाही, लहान डिजिटल काटा लागतो. घोटत राहायचं. आधी पांढऱ्यात काळ्या रेघा दिसतात, मग राखाडीत फिकट रेघा, मग एकसारखा राखाडी. एकसारखा झाल्यासारखा वाटला, की भांड्याचा तळ आणि कडा खरवडून पुन्हा घोटायचं, कारण न मिसळलेला भाग तिथे दडतो.

या पदार्थाचं नाव पॉलिसल्फाइड. नावातलं गंधक नाकालाही कळतं. त्याचा जन्म मला नेहमी विचारात पाडतो. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक हा संशोधक गाड्यांच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून घालायचं द्रव्य शोधत होता. त्याच्या हाती आला तो घाण वासाचा, रबरासारखा चिकट गोळा, आणि तो कुठल्याही सॉल्व्हंटमध्ये विरघळेना. भांडं धुवायला गेलेल्याला जो गुण शाप वाटावा, तोच पुढे इंधनाच्या टाक्यांना हवा होता. ज्याला पेट्रोल विरघळवू शकत नाही आणि जो वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहतो, असा पदार्थ. पंख उड्डाणात वाकतो, उन्हात तापतो, उंचीवर थंड होतो. ठिसूळ सीलंट तिथे तडकेल.

मिसळल्या क्षणापासून वेळ सुरू होतो. घरी बांधणारे बहुधा जो बी-२ प्रकार वापरतात, त्यात २५ अंश सेल्सियसला साधारण दोन तास काम करता येतं. उकाडा वाढला की वेळ आटतो. हे दोन तास तुमचे नसून त्या पदार्थाचे आहेत, असं मानून बसलं तर हात शांत राहतो. जेवढं तासाभरात लागेल तेवढंच कालवायचं, एका वेळी एक-दोन बरगड्याच घ्यायच्या. आणि प्रत्येक वेळी त्याच भांड्यातला एक छोटा गोळा पत्र्याच्या तुकड्यावर बाजूला काढून त्यावर तारीख-वेळ लिहायची. सीलंट वाळलं का, हे टाकीत बोट खुपसून विचारायचं नसतं. त्या साक्षीदाराला नख लावून पाहायचं.

आता लावायला घ्या. बरगडीची कड जिथे पत्र्याला टेकणार तिथे पातळ, सलग थर. बरगडी बसली की भोकांतून आणि कडेने थोडं सीलंट बाहेर यायला हवं. ते आलं, म्हणजे मधली जागा भरली. मग रिवेट. मग आतल्या बाजूने बरगडी आणि पत्रा यांच्या कोपऱ्यात सीलंटची गोलाई ओढायची, बोटाने किंवा लाकडी काडीने दाबत, जेणेकरून खाली हवा अडकणार नाही. शेवटी प्रत्येक रिवेटच्या आतल्या डोक्यावर सीलंटची टोपी. म्हणजे पेट्रोलला बाहेर जायचं असेल तर एकामागून एक अडथळे ओलांडावे लागतील. इतक्या काळजीची गरज आहे का, असं मनात येईल. येऊ द्या आणि टोप्या घालत राहा.

आणि मग ती वेळ येते. मागचा पडदा, म्हणजे टाकीची शेवटची भिंत, बसवायची. तोवर सगळं समोर होतं. कुठे गोलाई पातळ पडली तर पुन्हा ओढता येत होती, एखादी टोपी राहिली तर दिसत होती. या पडद्याच्या आतल्या सांध्यावर मात्र कुणाचाही हात पोचणार नाही. तिथे उपाय एकच: पत्र्याच्या कडेला आतल्या बाजूने सीलंटची जाडसर रेघ घालायची, बरगड्यांच्या मागच्या टोकांवर आणि कोपऱ्यांवर मुद्दाम जास्तीचे गोळे ठेवायचे आणि पडदा सरळ आत ढकलायचा. तो आत जाताना सीलंट आपल्यापुढे लोटत नेतो आणि त्यातूनच आतली गोलाई तयार होते. ती गोलाई कुणी पाहिलेली नसते. तरी ती असावी लागते.

ढकलण्याआधी थांबा. दिवा आत धरा. डावीकडून सुरुवात करून प्रत्येक खण पाहा. पत्र्याचा कीस, रिवेटचा तुटका तुकडा, फडक्याचा धागा, ड्रिल करताना पडलेला चुरा. इंधन उपसणाऱ्या नळीचं तोंड मोकळं आहे का? हवा आत येण्याच्या नळीचं? कुणीतरी, कदाचित तुमच्याशी ओळखही नसलेला, वीस वर्षांनी या टाकीच्या भरवशावर डोंगरावरून जाईल. त्याला हा दिवा, हा खण, ही तुमची पाहणी कधीच कळणार नाही. त्याच्यासाठी पाहा.

आठवडाभराने टाकीची परीक्षा. दोन सोडून सगळी तोंडं बंद करायची, एकाला पाण्याची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात लावायची आणि दुसऱ्यातून हलक्या हाताने हवा भरून तेही बंद करायचं. दाब अगदी थोडा: एका चौरस इंचाला एक पौंड, म्हणजे नळीच्या दोन बाजूंत सुमारे ७० सेंटिमीटर पाण्याचा फरक. हा आकडा किरकोळ वाटतो. पण टाकीच्या एका चौरस फूट पत्र्यावर त्याचा भार ६५ किलो होतो. जास्त भरलं तर टाकी फुगून बिघडेल.

आता बसा आणि नळीकडे पाहा. हा टप्पा मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे हातांना काहीच काम नसतं. सकाळी खूण केलेली पाण्याची पातळी दुपारी खाली आली. गळती? की ढग आले म्हणून टाकीतली हवा थंड झाली? हिशेब करून पाहा. बंद हवेचं तापमान एका अंशाने उतरलं, तर पाण्याचा फरक सुमारे साडेतीन सेंटिमीटरने कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने वाढला तर आणखी एक सेंटिमीटर. म्हणजे जिच्यातून काहीही निसटत नाही अशी टाकीसुद्धा दिवसभर वर-खाली होताना दिसते. घाबरलेला माणूस सकाळ-दुपारच्या या फरकावर चांगली टाकी उघडायला निघतो आणि निर्धास्त माणूस खऱ्या गळतीला हवामानाच्या नावावर सोडून देतो. दोघांनाही उपाय एकच आहे: शेजारी तापमापक ठेवा, हवेचा दाब लिहा, रात्र जाऊ द्या आणि उद्या त्याच तापमानाला पुन्हा पाहा.

शंका उरलीच तर साबणाचं पाणी. रिवेटच्या रांगेवर कुंचल्याने लावा आणि बारीक बुडबुडा शोधा. तो जिथे दिसेल तिथेच आत भोक असेल असं मात्र नाही. पेट्रोल, हवा दोन्ही पत्र्यांच्या मधल्या फटीतून बरंच अंतर चालतात आणि सोयीच्या रिवेटपाशी बाहेर येतात. उडणाऱ्या विमानात तीच गोष्ट निळ्या डागाने कळते, कारण विमानाच्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलला निळा रंग घातलेला असतो. पंखाखाली निळा डाग दिसला, की बाहेरून त्याच जागी लांबी भरण्याचा मोह होतो. बाहेरून बुजवलं तर पेट्रोल शेजारची वाट धरतं. आत जावं लागतं. त्यासाठी बंद केलेल्या पडद्याला खिडकी कापावी लागली तरीही.

या श्रमातून सुटण्यासाठी पूर्वी एक सोपी वाट होती. पातळ सीलिंग द्रव टाकीत ओतायचा, टाकी सगळीकडे हलवायची, जास्तीचा ओतून टाकायचा. सगळे सांधे एका दमात झाकले जात. काही वर्षांनी अनेक टाक्यांत तो थर पापुद्र्यांनी सुटू लागला आणि ते पापुद्रे इंधनाच्या गाळणीत जाऊन बसले. म्हणजे थेंबाची गळती झाकली आणि इंजिनाचं इंधनच अडायची पाळी आली. जाणती माणसं आता ही वाट सांगत नाहीत. मला वाटतं, ती वाईट हेतूने कुणीच घेतली नव्हती. प्रत्येकाला आपली टाकी गळू नये एवढंच हवं होतं.

धातू बाजूला ठेवू. आता दुसरं टेबल.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात साच्याशिवाय विमान बांधायची पद्धत घरगुती कारागिरांच्या हाती दिली. त्यांचं व्हॅरिईझी १९७५ मध्ये उडालं, लाँग-ईझी १९७९ मध्ये. तापलेल्या तारेने फोमचा ठोकळा पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, एपॉक्सी रेझिन जिरवायचं. रेझिन कडक झालं की पंख तयार. धातूच्या टाकीत डोळ्यांना फक्त कडा दिसतात. इथे एक वेगळं दर्शन घडतं. कोरडं कापड पांढरं असतं. त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीने हळूहळू सरकवत नेलं, की कापड पारदर्शक होत जातं आणि खालचा फोम दिसू लागतो. जिथे अजून पांढरट ठिपका आहे तिथे हवा आहे. म्हणजे आतली पोकळी तुम्हाला आपणहून दाखवली जाते, रेझिन ओलं आहे तोवर.

त्या ठिपक्याकडे पाहा. थोडं रेझिन टोचून द्या, पट्टी पुन्हा फिरवा. जास्त ओतून टाकण्याचा मोह आवरा. कापड भिजलं की त्यापुढचं रेझिन केवळ वजन वाढवतं, ताकद देत नाही. पट्टीने ते कडेला काढा आणि पुसून टाका. एपॉक्सीचंही प्रमाण काट्यावर मोजायचं. कालवलेलं खूपसं रेझिन खोल पेल्यात ठेवून दिलं, तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडू लागतं. उथळ भांड्यात ओतलं तर शांत राहतं. हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्यांपैकी काहींची त्वचा एक दिवस एपॉक्सीविरुद्ध उठते आणि मग जन्मभर त्यांना त्या वासाजवळही जाता येत नाही. हे काम ज्यांना प्रिय आहे त्यांनी हातमोजे कधीच टाळू नयेत.

लाँग-ईझीत इंधन पंखाच्या मुळाशी, धडाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ भागांत असतं. तिथे फोम निवडताना चूक चालत नाही. पंखातला निळा फोम थर्माकोलच्याच कुळातला आहे आणि थर्माकोल पेट्रोलमध्ये कसा वितळतो हे आपण पाहिलेलं असतं. टाकीच्या भिंतींना म्हणून दुसऱ्या जातीचा फोम, जो पेट्रोलला भीत नाही. आणि त्यावरच्या काचेच्या थरात सुईच्या टोकाएवढीही भोकं राहू नयेत, म्हणून आतून रेझिनचा आणखी एक हात.

धागे आणि रेझिनच्या बांधणीने एक फार लांबचा पल्ला १९८६ च्या डिसेंबरात गाठला. रुटान यांचं व्हॉयेजर विमान, चालवायला त्यांचे बंधू डिक रुटान आणि जीना येगर, कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीभोवती फिरून आलं. ९ दिवस, ३ मिनिटं, ४४ सेकंद. विमानाची नुसती काया सुमारे ४२६ किलोची आणि निघताना इंधन जवळपास ३,१८० किलो, १७ टाक्यांत वाटलेलं. उतरले तेव्हा टाक्यांत ४८ किलो उरलं होतं. हे प्रमाण मनात थोडं फिरू द्या. बांधताना जास्तीचं वजन टाळणारा हात त्या ४८ किलोंत आहे.

आता एक दुखरी गोष्ट. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर लाँग-ईझी चालवत असताना कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळले आणि मरण पावले. विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. ते दुसऱ्याने बांधलेलं होतं. मूळ नकाशात टाकी बदलण्याची झडप वैमानिकाच्या पायांच्या मधे आहे. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली होती. कारण चांगलं होतं: बसण्याच्या जागेत इंधनाच्या नळ्या नकोत. पण पट्टे बांधून बसलेल्याला ती मूठ फिरवायची तर अंग वळवावं लागे, आणि अंग वळलं की उजवा पाय पेडल दाबत असे. मुठीवर खुणा नव्हत्या. इंधन दाखवणाऱ्या खिडक्या मागे होत्या आणि त्यांवरही खुणा नव्हत्या. निघण्याआधी मूठ पोचत नाही हे लक्षात आलं होतं, आणि मागच्या खिडक्या दिसाव्यात म्हणून आरसाही दिला गेला होता. अमेरिकी तपास यंत्रणेने या जागेचा आणि या कोऱ्या खिडक्यांचा आपल्या निष्कर्षात उल्लेख केला.

इथे जरा जास्त वेळ बसा. त्या बांधणाऱ्याच्या जागी बसा, दोष देण्यासाठी नाही. त्याने एका धोक्याचा मनापासून विचार केला होता. टाकी गळली तर, नळी फुटली तर, माणूस पेट्रोलात भिजू नये. त्याला स्वतःच्या विमानात मूठ कुठे आहे हे माहीत होतं, कोणत्या दिशेला कोणती टाकी हेही माहीत होतं. ज्याला माहीत नाही असा माणूस त्या आसनावर बसलेला त्याच्या डोळ्यांपुढे आला नसावा. आता तुमच्या टाकीकडे परत या आणि त्या अनोळखी माणसाला आसनावर बसवा. त्याचे पट्टे आवळा. इंजिन अडखळतं आहे, उंची कमी आहे. डावी टाकी संपली आणि त्याला उजवी हवी आहे. त्याचा हात कुठे जातो? डोळे कुठे जातात? पाय काय करतात?

लाँग-ईझीतली इंधनाची खिडकी म्हणजे काचेच्या कापडाचा एक पट्टा असतो, मागे फोम न ठेवता, रंग न देता राखलेला. कापड नीट भिजलं असेल तर पेट्रोलची पातळी त्यातून दिसते. विमान समतळ उडताना ज्या कोनात असतं, त्या कोनात ते टेकूवर उभं करा. जमिनीवर नाक टेकवून उभ्या असलेल्या लाँग-ईझीत पातळी वेगळीच दिसते. दहा लिटर मोजून ओता. हिंदकळणं थांबू द्या. रेघ ओढा, आकडा लिहा. पुन्हा दहा लिटर. टाकीची रुंदी वर-खाली सारखी नसल्यामुळे रेघांमधलं अंतर कमी-जास्त येईल. ते तसंच ठेवा, सुबकपणासाठी सारखं करू नका. डावी टाकी झाली की उजवी पहिल्या दहा लिटरपासून स्वतंत्र मोजा. डावीकडच्या खुणा तिकडे उतरवू नका. आणि आकडे इतके मोठे काढा, की पुढे बसलेल्याला मान वळवून एका नजरेत वाचता येतील.